मोगऱ्याच्या जागी घोडी

भिंगार, शुक्रवार, सन १९४६

मेहेरबान गनीभाई नालबंद, मुक्काम काष्टी, यांना धाकट्या गोरक्षचा सलाम आणि रामराम. मी इथं धडधाकट आहे, एक चप्पल सोडली तर. रजियाभाभींच्या गुडघ्याची सूज उतरली का? आमच्या आईला सांगा, गोरक्ष छावणीत नोकरी शोधतोय. (शोधत नाही, पण सांगा.)

पत्राला उशीर झाला तो रागामुळं. तीनदा लिहायला बसलो, तीनदा टाकाची निब मोडली. निघताना तुम्ही म्हणाला होता, "गोरक्ष बेटा, बाकी कायबी बघू नको. माझा मोगऱ्या कसा दिसतो, खाऊनपिऊन हाय का न्हाई, तेवढं कळव." तेवढंच बघायला नगरला गेलो. उलट्या वाटेनं दौंडला जाण्यात एक दिवस गेला (तिथं एक माणूस अस्वल घेऊन आला होता, त्याचं पुन्हा सांगेन), पण 'नकाबी सवार की वापसी' हा सिनेमा पहिल्याच रविवारी गाठला.

पहिला 'नकाबी सवार' आठवतो ना? तुम्ही, मी आणि माझा दोस्त बन्सी, तिघं सिनेमाच्या तंबूत मांडीला मांडी लावून. चाऱ्याच्या टंचाईत तुम्ही काळजावर दगड ठेवून मोगऱ्यासारखा घोडा बाजारात विकला, तो सिनेमाच्या कंपनीवाल्यानं नेला आणि वर्षानं आपल्याच काष्टीत पडद्यावर आला! सवार तुरुंगाच्या भिंतीआडून शीळ घालतो आणि घोडा पुढचा डावा पाय उचलतो. सगळा तंबू टाळ्या वाजवत होता, की काय हो शिकवलंय जनावराला! आणि खूर परातीएवढा पडद्यावर आला तसे तुम्ही उठून ओरडला, "पाच खिळे! खुराची चीर वाचवून मारलेत! माझा नाल हाय तो!" मागचे लोक बसा बसा म्हणत होते. त्यांना काय ठाऊक, की ते सोंग नव्हतंच, नाल ठोकताना तुम्ही घालता तसली शीळ ऐकून तो पाय देत होता बिचारा.

आता दुसऱ्या भागाचं ऐका आणि हातात हातोडा असेल तर आधी खाली ठेवा. पहिल्या भागाच्या शेवटी सवार घोड्यासकट कड्यावरून खाली गेला, तीन वर्षं आपण जिवाला घोर लावून बसलो. तर हा पठ्ठ्या बाजेवर लोळतोय! दोघी वारा घालतायत! कसा वाचला? एक गाणं म्हटलं आणि वाचला! अंगानं असा सुटलाय की नकाब गालांना पुरत नाही. मारामारी आली की झाडामागं जातो आणि झाडामागून दुसराच कुणी बारीक माणूस बाहेर येतो. मी तेही गिळलं. मग त्यानं शीळ घातली, मी पुढं सरकलो, आणि पडद्यावर आली घोडी.

गनीभाई, घोडी! कपाळावर मोगऱ्यासारखा ठिपका, तोही चुन्याचा. तिला तुफान म्हणतात, सिनेमात मोगऱ्याचं तेच नाव होतं ना. शीळ ऐकून तिनं शेपूट हलवलं आणि चरायला गेली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, ही घोडी हाय! आमचा घोडा कुठाय?" शेजारचे शिपाई खदाखदा हसले. दारवानानं मला बखोटीला धरलं. मी म्हणालो, आधी घोड्याचं सांगा. तो म्हणाला, "तुझा घोडा काय मी खिशात ठेवलाय?" आणि बाहेर काढलं. एक चप्पल आत राहिली. असल्या कंपनीचा सिनेमा पुन्हा बघितला तर बापाचं नाव लावणार नाही. काष्टीत कुणाला बघूही देऊ नका.

तुमचा,
गोरक्ष

ता. क. : मला मध्यंतराच्या आधीच काढलं, तेव्हा पुढचं काही मी पाहिलेलं नाही. रविवारी पुन्हा जाणार आहे. चप्पल आणायची आहे म्हणून. बन्सीला सांगू नका, चिडवत बसेल.

ता. क. दुसरा : मुख्य गोष्ट रागात राहिली. अनवाणी भिंगारला येताना बाजाराच्या तोंडाशी एक टांगा उभा होता. घोडा मळका, बरगड्या वर, डाव्या पुढच्या पायानं लंगडत होता. टांगेवाला फक्रुद्दीनचाचा सांगत होते, कंपनीवाल्यानं लंगडा म्हणून काढला तो फिरत फिरत त्यांच्याकडं आला, आणि पायाला कुठल्याही नालबंदाला हात लावू देत नाही. मी सहज तुमची शीळ घातली. त्यानं पाय उचलला. चीर न वाचवता ठोकलेले सात खिळे, गनीभाई. सात!

चाचा भला माणूस आहे. म्हणतो, नालबंदाला बोलवा, मग पुढचं बोलू. तुम्ही मिळेल त्या गाडीनं या, हत्यारं आणि पाच खिळे घेऊन. मी रोज दोनदा जाऊन शीळ घालतो. तो पाय देतो, माझ्याकडं बघतो, आणि तुम्ही नाही हे बघून खाली ठेवतो.