तुझ्या पोहण्याच्या जागा

अव्वा, तुझी लेक परवा समुद्र बघून आली. तुला समुद्र ठाऊक नव्हता, तुझं सगळं पाणी मांजरा नदीचं. पण तू असतीस तर पाण्याकडे बघायच्या आधी मागं वळून काठाकडे बघितलं असतंस, वाट कुठून येते आणि त्या वाटेनं कोण कोण येऊ शकतं ते. मीही तेच केलं. नातीला उन्हाळ्यातला एक दिवस निवांत वाळूवर घालवायचा होता. गर्दी नको, भेळवाले नकोत, फोटो काढणारे नकोत. ती आणि तिचा नवरा फोनमध्ये डोकी घालून तासभर भांडले आणि एक किनारा ठरवला, म्हणे कुणालाच माहीत नाही. पोचलो तर तिथं मोटारी लावायला जागा नव्हती. मी म्हटलं, गाडी मागं घ्या. रस्त्याकडेला एक बाई मासळी वाळत घालत होती. तिला विचारलं, “बाई, तुमच्या लेकी माहेरी आल्या की त्यांना घेऊन तुम्ही कुठं जाता?” तिनं मला नीट न्याहाळलं आणि मग हातानं वाट दाखवली. अर्ध्या तासात आम्ही अशा ठिकाणी होतो जिथं आमच्याशिवाय फक्त खेकडे होते. नात म्हणाली, आज्जी, तुला हे कोणी शिकवलं? मी ऐटीत म्हटलं, मला कोण शिकवणार! घरी आल्यावर ते बोलणं मला आवडेना, म्हणून वही काढून बसले आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आपलं गाव हुलसूरच्या बाजाराचं आणि नदी तिथून चांगली दोन-तीन कोस लांब. ज्वारीची खळी उरकायची, कडबा रचून व्हायचा, आणि मग पेरणीची कामं लागायच्या आत गावातली बहुतेक घरं एक दिवस बैलगाडी जुंपून नदीवर जायची. सगळी जायची ती उताराजवळ, जिथं गाड्या नदी ओलांडतात तिथं. तिथं धुण्याचे दगड होते, परटाची गाढवं होती, पाण्यात बसलेल्या म्हशी होत्या आणि बिड्या ओढत बसलेले नाक्यावरचे शिपाई होते. तुला उतार नको असायचा. अज्जी म्हणायची, “चार माणसं जायलीत तिथं आपण जावं. हिला कामून आडरान लागतंय?” तू भाकरी थापत राहायचीस, आणि अप्पा गाडी नेमकी तू सांगितलेल्या बाजूला वळवायचे.

तुझं हुडकणं आधीच झालेलं असायचं. बाजारात टरबुजं विकायला येणाऱ्या बाया असायच्या. हिवाळ्यापासून त्या नदीच्या पात्रातच झोपडी घालून राहतात, वाळूत वाफे करून वेल लावतात. नदीचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. तू टरबूज ठोकून ठोकून बघायचीस आणि तेवढ्यात विचारून घ्यायचीस की यंदा डोह कुठं राहिलाय, तळाला चिखल आहे की वाळू. नदीवर पोचल्यावरही तुझं बघणं संपायचं नाही. गाढवांची पावलं दिसली की पुढं. गाडीची चाकोरी दिसली की आणखी पुढं. नुसती शेळ्यांची पावलं दिसली की थांबायचीस, कारण दरड उभी असली तरच गुरांवाचून नुसत्या शेळ्या उतरतात आणि दरड उभी असली की गाडीवाले तिकडं फिरकत नाहीत. आणि शेवटी टिटवीची अंडी. टिटवी उघड्या वाळूतच अंडी घालते, चार ठिपकेदार खडे पडल्यागत. ती शाबूत असली तर समजायचं की महिनाभरात तिथं कुणाचा पाय पडलेला नाही. तू मला दाखवायचीस आणि लांबून वळसा घालून न्यायचीस. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायची. तू तिला म्हणायचीस, “जायलो बाई, जायलो.”

मग अप्पा गाडी सोडायचे, टरबूज ओल्या वाळूत पुरायचे, प्यायच्या पाण्यासाठी हातभर झरा उकरून द्यायचे आणि म्हणायचे, “मी बैलास्नी सावली बघतो.” सावली दरडीच्या पलीकडेच सापडायची दरवर्षी. तिथं ते आपल्याकडे पाठ करून बसायचे आणि परत यायचं असलं की लांबूनच मोठ्यानं खोकायचे. अप्पांसारखा खोकणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

आणि तू लुगड्याचा काचा मारून पाण्यात शिरतेस. गुडघा, मांडी, कंबर, आणि मग तू दिसतच नाहीस. मी काठावर श्वास धरून उभी. डोहाच्या मध्यावर तुझं डोकं वर येतं, केस सुटलेले, आणि तू हसतेस. घरी तू इतकं मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नाही. तुझं माहेर नदीकाठचं, तिथं पोरी वाळके भोपळे कमरेला बांधून पोहायला शिकायच्या. आपल्या गावात अज्जीचा दंडक होता की बाईमाणसानं गुडघ्यापलीकडं पाण्यात जाऊ नये. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस तू तिच्या म्हणण्यानं काढलेस. हा एक दिवस तुझा होता. मला तू एवढंच बजावलं होतंस, “जागा कुणाला सांगायची न्हाई. आईलाबी न्हाई, देवालाबी न्हाई.” आई म्हणजे अज्जी. देवाला का नाही, ते मी विचारलं नाही.

मी ती जागा सांगितली, आणि सांगितली ती वाळूपायी. त्या डोहाकाठची वाळू बारीक आणि एकसारखी होती, मोहरीएवढा दाणा. तू एका फडक्यात बांधून ती घरी आणलीस, धुऊन वाळवलीस आणि पंचमीच्या लाह्या तिच्यात भाजल्यास. उताराजवळची वाळू जाडीभरडी, तिच्यात निम्मी ज्वारी करपते नाहीतर तशीच राहते. आपल्या मात्र सगळ्या फुलल्या, पांढऱ्याशुभ्र, सुपात मावेनात. मी दहा वर्षांची होते आणि मला राहवेना. वाटीवाटीनं ती वाळू गल्लीत वाटून आले. माझा रुबाब काय विचारतेस! ज्या घरात मला एरवी उंबऱ्यावर उभं करायचे तिथं पाट मिळाला. अप्पांची चुलती होती ना, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, तिनं मला जवळ बसवून विचारलं, “कुठली गं वाळू? लई गुणाची हाय.” आणि मी तिच्या चुलीपुढच्या राखेत बोटानं नदी काढली, दरड काढली, टरबुजाचे वाफे काढले, टिटवीसुद्धा काढली. इतकं चांगलं चित्र मी शाळेत कधी काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोह त्याच जागी राहिला होता. तू पाण्यात होतीस, अप्पा दरडीपलीकडे. गाड्यांची घुंगरं मी ऐकली तेव्हा अप्पा खोकत होते, जीव तोडून खोकत होते, पण तू पाण्याखाली होतीस. वर आलीस तेव्हा काठावर आपली अर्धी गल्ली उभी होती, हातात टोपल्या आणि पोती घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढं काकू. तू पोहत काठाशी आलीस, उभी राहिलीस, पदर पिळलास, डोक्यावरून घेतलास आणि म्हणालीस, “आलासा? हितली वाळू ओली हाय. वरल्या अंगाची घ्या, कोरडी हाय.” आणि स्वतः एकीची टोपली भरू लागलीस. तेवढ्यात काकू म्हणाली, “अगं बया, आपली सून मासोळी हाय की!” आणि सगळ्या हसल्या. वाईट मनानं हसल्या असं आज मला वाटत नाही. पण हसल्या, आणि ते हसणं संध्याकाळच्या आत अज्जीपर्यंत पोचलं.

अज्जीनं आरडाओरडा केला नाही. ती फक्त म्हणाली, “आजपासनं नदी बंद.” अप्पा म्हणाले, “एवढं काय झालं त्यात?” तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि ते गोठ्यात निघून गेले. मी चुलीशी तुझ्याजवळ येऊन बसले. तू मारशील असं वाटलं होतं, मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तू घालवलीस न्हवं जागा? आता तूच हुडक.” मग थोड्या वेळानं, जरा हळू: “म्होरल्या साली मी म्हाईराला जाणार हाय. तिथं मला कोण इचारनार न्हाई. तू शेळ्यांमागं जा, सगळी नदी फिर. एक दिवस गावला तरी बास.”

पुढच्या वैशाखात आपण दोघी तुझ्या माहेरी गेलो. मी अकरा वर्षांची, पायाला चाकं. मामाच्या शेळ्या घेऊन रोज नदीनं वरवर जायची. पहिले काही दिवस काहीच हाती लागलं नाही, कुठं माणसं तर कुठं चिखल. मग एका सकाळी मी टरबुजाचे शेवटचे वाफे ओलांडले, बाभळींतून शेळ्यांच्या वाटेनं खाली उतरले, आणि अव्वा, काय जागा होती ती! दरड दोन्ही बाजूंनी उभी, मधे डोह, तळाची वाळू वरून दिसावी इतकं नितळ पाणी. अलीकडे लांबच्या लांब वाळू, तिच्यावर पावलांच्या खुणा फक्त पाखरांच्या. टिटवीची अंडी मला तीन ठिकाणी सापडली. तुझ्या हुडकलेल्या सगळ्या जागांपेक्षा ही सरस होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मी पोटरीएवढ्या पाण्यात गेले, हातातली काठी डोहात खोल घालून बघितली, खाली कुठं गाळ नव्हता. मग ऊन चढेपर्यंत काठावर बसून राहिले.

घरी आले तेव्हा तू ओसरीवर ज्वारी पाखडत होतीस. सुपाचा आवाज थांबला. “गावली का गं?”

“न्हाई गावली,” मी म्हटलं.

माझ्या पायांना पोटरीपर्यंत बारीक वाळू चिकटलेली होती. तू ती बघितलीस. मग सूप पुन्हा हलवायला लागलीस आणि म्हणालीस, “असू दे. म्होरल्या साली बघू.”

पुढच्या साली कुणी नदीकडे जायच्या स्थितीत नव्हतं. संस्थानात धामधूम सुरू झाली, गावंच्या गावं रिकामी झाली, आणि आपण भांडीकुंडी टाकून सोलापूरला अप्पांच्या मित्राच्या एका खोलीत राहिलो. तिथं पाणी नळाला रांग लावून आणायचं. पावसाळा सरता सरता राज्य बदललं, आपण परत आलो, आणि थंडीत तू तापानं गेलीस. अज्जी तुझ्यासाठी फार रडली.

त्यानंतर मी पुष्कळ जागा हुडकल्या. लेकींना, सुनांना, शेजारणींना घेऊन गेले, जिला शिरायचं तिला पाण्यात शिरू दिलं आणि स्वतः वाटेकडे तोंड करून बसले. माझं त्यात नाव आहे, सगळ्या घरात. कुणी कौतुक केलं की मी नाही म्हणत नाही. हे पत्र मात्र मी कुठं टाकणार नाही. तुला अक्षर येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जावं अशी माझी इच्छा नाही. नदी बंद झाली त्या वर्षभर आडावर पोरी मला मासोळीची पोर म्हणत होत्या. मी घागर भरून खाली मान घालून यायची आणि तुला सांगायची नाही. तुझ्या माहेरच्या त्या डोहाकाठी बसून मी विचार करत होते तो हाच, की तू पुन्हा पाण्यात शिरलीस आणि पुन्हा कुणी बघितलं तर? तुझं काय होईल हा विचार मी केलाच नाही. जागा मला सापडली होती, अव्वा. मला तुझी लाज वाटत होती.