कुसूरच्या वाटेची चौकशी

पुणे, माघ वद्य पंचमी, शके १७००

प्रिय मंदे,

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वी पोचलं. मुलगी झाली, तिनं दूध धरलं, हे ऐकून तुझी आई देवापाशी जाऊन बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. मी पत्र तीनदा वाचलं आणि घडी घालून पागोट्यात ठेवून दिलं. तू विचारलंस त्याचं उत्तर त्याच दिवशी लिहायला हवं होतं, त्याला दहा दिवस लागले. भैरू जासूद हे पत्र घेऊन येईल. ते तू एकटीनंच वाच. लोकांनी नावं ठेवली तरी तुला अक्षरं शिकवली, ती अशा कामी येतील असं मात्र वाटलं नव्हतं.

माझं कचेरीतलं काम तुला ठाऊक आहे. बोरघाट, कुसूर, भीमाशंकर, वरंध, सगळ्या घाटांच्या चौक्यांवरून कागद येतात आणि मी त्यांची नक्कल करतो. कोण चढलं, कोण उतरलं, काय घेऊन. खालून मीठ, तांदूळ, नारळ येतात, वरून ज्वारी, गूळ, घोंगड्या जातात. तीस वर्षं हे लिहून लिहून मला वाटू लागलं होतं की कोकण आणि देश या दोन मुलखांमधली प्रत्येक हालचाल आपल्याला कळते. तुझं लग्न कर्जतेकडच्या कुलकर्ण्यांकडे ठरलं तेव्हा तुझी आई रडली. मी तिला म्हणालो, अगं, मध्ये एक घाट तर आहे. पण माणसं वाचण्यापेक्षा कागद वाचायची सवय लागली की काय होतं, ते आता सांगतो.

मार्गशीर्षात इंग्रजांच्या पलटणी पनवेलीकडे उतरल्या आणि कचेरीतली हवाच बदलली. घाटांची विचारपूस करणारा कोणीही दिसला तर कळवावं, मग तो सोयरा का असेना, असा हुकूम झाला. चंपाषष्ठीनंतर चार दिवसांनी श्रीधरपंत आमच्या दारात उभे राहिले. एकटेच. तुझी खुशाली विचारली तर ‘बरी आहे’ एवढंच म्हणाले, आणि नजर तुझ्या आईकडून काढून घेतली. शत्रू गावाजवळ आलेला असताना बायकोला खाली टाकून हा माणूस पुण्यात कशाला आला, हे मला पहिल्याच घासाला वाटलं. दुसऱ्या घासाला त्यांनी विचारलं, “अप्पा, कुसूरच्या चौकीवर हल्ली किती माणसं असतात?”

मी म्हणालो, पुरेशी असतात. त्यांनी मान हलवली. मग पुन्हा विचारलं, माथ्याखालच्या फरसबंदीचे दगड सुटलेत म्हणतात, ते खरं का? तिथे चौघं जण ओझं घेऊन एका वेळी वळू शकतील का? मी पानातला भात कालवत राहिलो आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. शेवटी सरळच विचारलं, जावईबापू, तुम्हाला घाटाची एवढी चौकशी कशाला? ते हसले. “सहज विचारलं,” म्हणाले. मंदे, माणूस सहज विचारतो तेव्हा उत्तराची वाट इतकी आसुसून बघत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कोथरुडास एक शेत बघायला जातो म्हणून गेले. कोकणातल्या माणसाला कोथरुडात शेत कशाला हवं? भैरूनं त्यांना तिथे पाहिलं. झाडाखाली दहाबारा दांडग्या गड्यांशी हलक्या आवाजात बोलत होते, आणि भैरू जवळ गेला तसे गप्प झाले. संध्याकाळी मी विचारलं, शेत कसं आहे? म्हणाले, चांगलं आहे, पण पाण्याची अडचण दिसते. इतकं नीट खोटं बोलणारा माणूस माझ्या मुलीशी गेली पाच वर्षं काय बोलत असेल, असं माझ्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नदीवर स्नानाला गेले आणि मी त्यांची पडशी उघडली. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. आत धोतरांच्या घडीत एक कागद होता. कुसूरची अख्खी वाट शाईनं काढलेली. कुठे पाणी, कुठे सावली, कुठे चढ उभा, कुठे थांबायचं, दोन थांब्यांमध्ये किती पावलं. कडेला लिहिलं होतं, ‘बारा असामी, दोन पाळ्या.’ मी चौक्यांचे कागद वाचणारा माणूस. मला त्यात चौकीच्या पहाऱ्याशिवाय दुसरं काही दिसेना. मी कागद होता तसा ठेवला. ते परत आले, तुझ्या आईच्या पाया पडले आणि जातो म्हणाले. मी त्यांना वेशीपर्यंत पोचवलंसुद्धा.

पुढचं तुला ठाऊक आहे. कुसूरच्या माथ्यावर त्यांना धरलं आणि गडावर नेऊन कोठडीत घातलं. पौषात इंग्रज बोरघाट चढून आले. इथे घराघरांत गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या, ते पुण्यात शिरलेच तर शहर आपणच पेटवून द्यायचं म्हणून. हडपसरच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागली होती. तुझी आई मला रोज विचारायची, जावयासाठी काही केलंत का? मी म्हणायचो, प्रयत्न चालू आहे. प्रयत्न काही चालू नव्हता, मंदे. मी मनाशी म्हणत होतो की आत आहेत तेच बरं आहे. फक्त एक गोष्ट खटकत होती. कुसूरनं एकही गोरा चढला नाही. वाट विकली असेल, तर विकत घेणारा तिच्याकडे फिरकला का नाही?

वडगावला लढाई झाली, इंग्रज तह करून उतरले आणि दोन दिवसांनी आमच्या दारात कोथरुडचा गेनबा भोई आला. मी त्याला ओळखत नव्हतो. ओसरीच्या खालीच उभा राहिला आणि म्हणाला, “बाई कशा हायेत, तेवढं इचारायला आलोय.” कोणत्या बाई, मी विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुमची लेक. पोटुशी हाय, वैद्यानं अंथरुणातनं उठू नगं म्हणलंय, तिला डोलीत निजवून वर आणायची व्हती. आमी बारा जण, दोन पाळ्या. पाव्हण्यांनी पावलं मोजून थांबं लिवलं व्हतं, हिसका बसू नये म्हून. चौकीवर आमी सांगितलं, पर ऐकतंय कोन. रिकामी डोली घेऊन माघारी आलो.”

तुझी आई आत दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

पहिलं बाळ गेल्यावर तुझ्या आईनं किती महिने अन्न सोडलं होतं, ते तू पाहिलंस. म्हणून या वेळी तू सुखरूप वर पोचेपर्यंत दिवस राहिल्याचं तिला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तू त्यांना घातलीस, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यांनी ती माझ्या ताटासमोर बसून पाळली. मला एकांतात गाठून सांगता आलं असतं, असा विचार करून मी त्यांच्यावरच रागावायचा प्रयत्न केला. पण मन मोकळं करावं असा मी वागलोच नव्हतो, वेशीपर्यंतसुद्धा पहारेकऱ्यासारखा चाललो होतो. आणि तेवढ्या दिवसांत तू पलटणींच्या भीतीनं ओढ्याकाठच्या झोपडीत, ठाकरवाडीच्या सोजरबाईच्या हातांवर बाळंत झालीस.

गेल्या आठवड्यात मी गडावर गेलो. श्रीधरपंतांची दाढी वाढली आहे आणि खोकला धरला आहे. मी म्हणालो, मुलगी झाली. ते भिंतीला टेकले. मग म्हणाले, “अप्पा, चौकशीत मला त्या कागदातला मजकूर म्हणून दाखवला. माझी झडती घ्यायच्या आधी. तो पडशीतला कागद तुमच्या घराशिवाय कुठे उघडाच पडला नव्हता.” मी मान खाली घातली. ते म्हणाले, “मंदाला सांगू नका. तिला माहेर एकच आहे.” आणि बघ माझा स्वभाव. त्या क्षणीही माझ्या मनात आलं की हे खरोखर क्षमा करताहेत, की सुटका व्हावी म्हणून गोड बोलताहेत? गड उतरेपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो.

सुटकेचा हुकूम काल झाला. मी श्रीनिवासपंतांपुढे, म्हणजे आमच्या कचेरीच्या मुख्यांपुढे, उभा राहून सगळं लेखी दिलं, तेव्हा कुठे झाला. परवा ते गडावरून निघतील आणि कुसूरनंच खाली येतील. भैरूला मी त्यांच्या आधी धाडतो आहे, त्याचं कारण आता सांगतो. तू पत्रात लिहिलं आहेस, ‘अप्पा, तुम्ही कचेरीत आहात, माझ्या नवऱ्याचं नाव कोणी दिलं ते शोधून काढा, त्याचं तोंड मला एकदा पाहायचं आहे.’ मंदे, नाव मी दिलं. ते वेशीबाहेर पडले तसा मी तिथूनच कचेरीत गेलो. घरी आल्यावर तू श्रीधरपंतांना विचारशील आणि ते म्हणतील, कोण जाणे, काही कळलं नाही. ते चांगलं खोटं बोलतात. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. तुला तोंड पाहायचं असेल तर निरोप धाड, मी येईन. निरोप आला नाही, तर तुझी आई एकटी येईल. तिला घरात घे.

तुझाच म्हणावं की नाही, हे आता तू ठरव,
अप्पा