बूट उत्तम आहेत, पण वाजत नाहीत

तीर्थस्वरूप मामांना जावयाचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात दुपारच्या सुट्टीत शिडीच्या पायरीवर बसून लिहितो आहे, आणि इथून वाकलो तर थेट बादलीत.) सासूबाईंची झोप, तुमची भूक आणि तुमचा स्वभाव ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. तुमची लेक खुशाल आहे. मीही खुशाल आहे, निदान घोट्यापासून खाली.

पत्राचा विषय, तुम्ही शिवून दिलेले बूट. बूट उत्तम आहेत. (हे वाक्य तुमच्या लेकीनं घालायला सांगितलं, पण ते खरंही आहे.) आधीचे मी स्वतः पसंत केले होते, हे तुम्ही चारचौघांत सांगायचं कधी चुकवत नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुकानात ऐटदार दिसले म्हणून घेतले. आठवड्याभरात पाणी शिरायला लागलं, टाचा सोलून निघाल्या आणि एक दिवस काचा पुसताना तिसऱ्या मजल्याच्या सज्जावरून पाय सटकून मी कमरेच्या दोराला लोंबत राहिलो. आत वकिलांची बैठक चालली होती. (त्यांनी मला आत घेतलं नाही, काचेला आपलं कार्ड मात्र लावून दाखवलं.) मग तुम्ही जातीनं लक्ष घातलंत. स्वयंपाकाच्या ओट्यावर साबणाचं पाणी ओतून मला अख्खी दुपार त्यावर उभं केलंत आणि सासूबाई माझ्या दोन पायांमधून हात घालून भाजी चिरत राहिल्या. त्या तपश्चर्येचं फळ म्हणजे हे बूट. तळ ओल्या सज्जाला धरून बसतो, बोटांना ऐसपैस जागा आहे, टाचेखाली गादी आहे, पाण्याचा थेंब आत जात नाही. खोट एकच आहे. ते वाजत नाहीत.

तुम्ही म्हणाल, वाजायला ते काय ढोल आहेत? मलाही तसंच वाटलं होतं. पण जुने बूट असे करकरायचे की दोन खोल्या आधीपासून माझी वर्दी जायची. तो आवाज आला की आतली माणसं ताठ बसायची, कागद पुढे ओढायची, कपाळाला आठ्या घालायची. मी आजवर समजत होतो की या इमारतीइतकी कष्टाळू माणसं जगात नाहीत. तुमचे बूट घालून पहिल्या दिवशी सज्जावर चढलो आणि सगळा भ्रम उतरला. दुसऱ्या मजल्यावरचे मोठे साहेब, ज्यांच्यापुढे रजा मागताना लोकांची बोबडी वळते, ते रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडून स्वतः रजा मागत होते. (खुर्चीनं दिली नसावी, कारण डोळे पुसत होते.) मनःशांतीचे सल्ले देणाऱ्या बाई टेलिफोनला थपडा मारत होत्या. दंतवैद्य पेशंटच्या खुर्चीत आ वासून घोरत होते. मी आपलं इमानानं काच पुसत राहिलो. त्यांनी डोळे उघडले, समोर साबणाच्या फेसात माझं तोंड पाहिलं आणि किंचाळून स्वतःचीच जीभ चावली.

मग सगळ्या ऑफिसांची सभा भरली. लिफ्टच्या दुरुस्तीवरून ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्यांचं माझ्या बुटांवर चहा यायच्या आत झालं. मुकादमानं मला बाजूला घेऊन निरोप दिला, "महिनाअखेरपर्यंत बूट वाजायला पाहिजेत. नाहीतर तू दुसरी इमारत बघ." मामा, दुसरी इमारत कुठे आहे? बाकी सगळीकडे यंत्रानं काचा धुतात. माझी रात्रीची झोप उडाली आहे, आणि हे मी थट्टेनं लिहीत नाही.

उपाय करून पाहिले. (जुने बूट तुम्ही स्वतःच्या हातानं बंबात घातलेत, त्यामुळे तो रस्ता बंद.) पायाला घंटी बांधली, तर जेवणाची सुट्टी झाली समजून चार मजले रिकामे झाले. खोकत खोकत गेलो, तर सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी खिडकीतूनच छाती तपासली आणि कडू औषध लावून दिलं. गाणं म्हणून पाहिलं, त्यावर दोन लेखी तक्रारी आल्या. त्यांना बुटांचाच आवाज हवा आहे, कानांना त्याची सवय झाली आहे. शेवटी मन घट्ट करून तुमचे बूट बिघडवायला घेतले. रात्रभर पाण्यात बुडवले, उन्हात वाळवले, त्यांवर कपाट ठेवलं. शेजाऱ्यांच्या कुत्र्यापुढे टाकले, तर तो त्यांना उशाला घेऊन झोपला. सकाळी घालून चाललो तर पहिल्यापेक्षाही मऊ. तुमच्या लेकीला म्हटलं, तुझ्या बाबांनी जरा कमी चांगले शिवले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत," आणि दोन दिवस बोलली नाही.

असो. तुमच्या हातची कला थोर आहे आणि तिच्यापायी मी रस्त्यावर येणार आहे, एवढंच कळवायचं होतं. सासूबाईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता.क. मला एक जोड वाईट शिवून द्यावा. सोल दोन थरांचा ठेवून मध्ये सुकं चामडं घातलं की करकरतं, असं तुम्हीच कधीतरी दुसऱ्या कारागिराची निंदा करताना म्हणाला होतात. कंबर धरल्यामुळे आता तुम्हाला वाकवत नाही आणि तुम्ही सुई हातात घेणार नाही, हे तुमच्या लेकीकडून कळलं. ऐकून वाईट वाटलं.

ता.क. दुसरा. चौथ्या मजल्यावर जोडीनं नाच शिकवण्याचा क्लास आहे. गेल्या मंगळवारी मी त्या खिडकीशी पोचलो (अर्थात बिनआवाज) तेव्हा एक वयस्कर गृहस्थ एका बाईंना हातावर तोलून पार जमिनीपर्यंत वाकले आणि हसत हसत सरळ वर आले. बाई माझ्या ओळखीच्या नाहीत. गृहस्थ बरेचसे तुमच्यासारखे वाटले, पण काच फार मळलेली होती, खात्रीनं सांगता येणार नाही. ती काच मी अजून पुसलेली नाही. पुसू की तशीच राहू देऊ, ते बुटांबरोबर कळवावं.