वरची एक बांगडी

सोमवार, ४ तारीख
नातीला, झोयाला, आज पहिल्यांदा काळ्या बांगड्या भरल्या. सहा महिन्यांची झाली. हात लोण्यासारखा, दाबायची गरजच न्हाई. रडली न्हाई, उलट बांगडीच तोंडात घालाय लागली. लई हसले. सून शमीमनं मोबाईलवर घेतलं. हात भरून झाल्यावर, दुकानात गिऱ्हाइकाला घालते तशी, वरून एक फुकटची घातली आन् म्हणले, "ही माझ्याकडून, देवाच्या नावाची." आमच्या सासूची रीत. सासू म्हणजे काय बाई हुती... जाऊ दे, तिचं लिहाय बसले तर वही पुरायची न्हाई. मी शिकले तिसरी.

गुरुवार, ७
झोयाचा व्हिडिओ लई लोकांनी बघितला म्हणं. आज देवळाली प्रवऱ्याहून स्कूटीवर दोन पोरी आल्या. मी खूश. म्हणतात, "चाची, ती फ्रीवाली द्या ना."
"आधी हात कुठल्या रंगानं भरू?"
"हात नको भरायला. फक्त फ्रीवाली."
आता वरची म्हणजे कशाच्या तरी वर असावी का नको! चहा पाजून लावून दिल्या. चहा तेवढा फुकट पिल्या.

शनिवार, ९
शमीमनं व्हिडिओखाली नंबर टाकलाय, फोन थांबंना. "लास्ट किती?" ना नाव, ना सलाम, ना नमस्कार. घासाघीस मला आवडती बरं का. बाई समोर बसती, हात माझ्या हातात देती आन् मग भांडती. अंगठ्याखालचं हाड दाबलं की मला माप कळतं. भांडता भांडता चार बांगड्या चढलेल्या असत्यात, तिला पत्ता न्हाई. फोनवर कुणाचा हात धरू?
शमीमला सांगितलं, व्हिडिओखाली लिही, हात बघितल्याशिवाय भाव न्हाई.
"अम्मी, गिऱ्हाईक पळंल."
पळू दे.
जेवताना सलीम बोलला. पोरगा माझा, टेम्पो चालवतो, कमी बोलतो. म्हणला, "ईदपर्यंत बघू. न्हाई चाललं तर गाळा मोबाईल रिपेरिंगवाल्याला देऊ." नवरी हुन आले तवापासून त्या गाळ्यात बसते मी. न्हाई देणार.

मंगळवार, १२
कोपरगावचं लग्न! नवरीच्या मावशीचा फोन. पंचवीस बायकांचा चुडा. सलीम आपनहून म्हणला, टेम्पोनं सोडतो. मग मावशी म्हणती, "निम्म्या भावात करा, आम्ही तुमचा व्हिडिओ टाकू, जाहिरात होईल."
"ताई, हात घिऊन या, मग बोलू."
शमीमनं कपाळावर हात मारला.

शुक्रवार, १५
आली की! मावशी आन् संगं नवरी. नवरी गरीब गाय, बोलत न्हाई. मावशीनं पिशवीतनं डबे काढले. ऑनलाइन मागवलेल्या बांगड्या, काचेच्या, सगळ्या दोन-सहा मापाच्या. पंचवीस बायकांना एकच माप!
"स्वस्त पडल्या चाची. तुम्ही फक्त भरायला या."
आमच्यात भरताना बांगडी वाढली (फुटली म्हणत न्हाईत आमी) तर तोटा भरणारीचा. आता बारीक हातातनं ह्या गळणार, जाड हातात रगत काढणार, लगीनघरात. आन् नाव माझं. म्हणले, "मी भरीन ती माझी बांगडी. माप माझं, भाव माझा, वाढली तर तोटा पण माझा."
"ऑनलाइनवाले परत तरी घेतात."
"मग द्या की परत."
शमीम दाराआडून डोळे वटारीत हुती. मावशी उठली. उठता उठता म्हणती, "बरं, ती फ्रीवाली तेवढी घाला पोरीला."
काय झालं मला, घातली. हिरवी, दोन-दोन मापाची. डाव्या अंगठ्याचं हाड कडक, पर एका दमात चढली. हात भरायच्या आधी वरची, जन्मात पहिल्यांदा. सासू असती तर लाटणं घिऊन... पोरगी वाकून पाया पडली. मावशी म्हणली, "कळवते."

रविवार, १७
कळवलं न्हाई.
शमीम बोलत न्हाई. पर झोयाला माझ्या मांडीवर ठिवून कामाला लागली, म्हंजी अर्धं मिटलं. झोयानं माझा चष्मा ओढला. दात येतोय वाटतं, खालचा.
सलीमला म्हणले, ईद लांब हाय अजून. तो म्हणला, "व्हय."
दुपारी हिरव्या काढून मापामापानं सुतळीत ओवल्या. चोवीस जणींचे हात बघितलेले न्हाईत, पर लग्नातल्या बायका किती जाड किती बारीक, त्याचा अंदाज हाय मला. नवरीच्या वेगळ्या बांधल्या, दोन-दोन. त्यात वरची ठिवली न्हाई. ती तिच्या हातात हायच.
एकटी बांगडी वाजत न्हाई. कळंल तिला.