टी, नऊ आणि एक

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकशील. फोन असताना ताई कागद का खराब करतेय, असं वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. एक मिनिट हं ताई, म्हणतोस, आणि ते मिनिट काही संपत नाही. इथे तरी मधे तोंड घालता येणार नाही.

माझं बरं चाललंय. विमा कचेरीतली नोकरी अजून तीन वर्षं आहे. पाठ दुखते म्हणून खुर्ची बदलून द्या असे दोन अर्ज केले, दोन्ही फिरून माझ्याच टेबलावर आले. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराची मांडणी सुधारत असतात, त्यामुळे मला माझ्याच घरात मीठ सापडत नाही.

गेल्या महिन्यात लेक सुट्टीला आली होती. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, आई, मामाचा गेम बघ. पडद्यावर आपला पोस्टमन! कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तो उतरवून घेतलाय आणि एम्युलेटरवर चढवलाय. एम्युलेटर म्हणजे आजच्या लॅपटॉपला आपल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, असं तिने मला समजावून सांगितलं. मला! सोंग मात्र हुबेहूब आहे. कॅसेट वाचतानाची ती कर्कश किंचाळी, पडद्याच्या कडेला पळणारे निळे-पिवळे पट्टे, सगळं तस्संच. तिसऱ्या जिन्यावरचा पांढरा कुत्रा अजूनही एक पाऊल उशिरा वळतो. ती चूक माझी, परीक्षा तोंडावर आली आणि दुरुस्त करायची राहून गेली. मग खाली नाव आलं, तुझं एकट्याचं. लेक म्हणाली, मामा काय भारी होता ना, आणि आई, तुला साधा फोटो पाठवता येत नाही. मी चहा गाळायला उठले.

कॉम्प्युटर बाबांनी तुझ्यासाठी आणला होता, हे मला मान्य आहे. आठ दिवसांत तुला त्याचा कंटाळा आला, हेही तुला आठवत असेल. शाळेतून आल्यावर टीव्हीसमोर जमिनीवर बसकण मारून, सोबत आलेलं पुस्तक मांडीवर घेऊन, चौकटींच्या वहीत एकेक ओळ लिहून-खोडून, सहा महिने मी त्या पोस्टमनला चालायला शिकवत होते. आई म्हणायची, हिला आता तिथेच ताट वाढा. पोस्टमनची टोपी तू काढलीस. चांगली काढलीस. बाकीचा पोस्टमन माझा होता.

मग ती कॅसेटवाल्या कंपनीची चिठ्ठी आली, गेम विकायला घेतो म्हणून, आणि सोबत अर्ज. बनवणाऱ्याचं नाव, अशी एक ओळ होती. बाबांनी पेन उघडलं आणि तुझं नाव लिहिलं. मुलीचं घालून काय करायचं, म्हणाले, उद्या ते बदलणारच आहे. मी सोळा वर्षांची होते, तू बारा. तू दाराशी उभा होतास. माझ्याकडे बघितलंस, पेनाकडे बघितलंस आणि खेळायला पळालास. त्या बारा वर्षांच्या पोराला मी केव्हाच माफ केलं. पण पुढे त्याच गेमच्या जोरावर तुला पहिली नोकरी लागली, तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास. आता बावन्न वर्षांचा आहेस. मी त्या अर्जानंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही, तो थेट कचेरीत विम्याचे हप्ते भरून घ्यायला.

लेकीने तुझी ती मुलाखतही वाचून दाखवली. हल्ली खेळणाऱ्यांना एक कोडं पडलंय म्हणे. डावीकडे जायला टी, उजवीकडे नऊ आणि उडी मारायला एक, अशी वेडगळ बटणं का? तू ऐटीत सांगितलंस की बोटांची तारांबळ उडावी म्हणून मी मुद्दाम तसं केलं. अरे, किती धडधडीत! तू त्या कीबोर्डवर दूध सांडलं होतंस. खालच्या दोन ओळी अर्धमेल्या झाल्या, दाबून दाबून एकेक अक्षर उमटायचं. प्रोग्राम लिहायला तेवढं चालायचं, खेळताना मात्र बटण उमटेपर्यंत कुत्रा पोस्टमनला गाठायचा. म्हणून वरच्या दोन ओळींत जी ठणठणीत होती ती मी घेतली. दूध मी सांडलं असं बाबांना सांगून बोलणीही मीच खाल्ली. एम्युलेटरमध्ये सगळी बटणं धड आहेत, त्यामुळे जगाला ते कोडं वाटतं. तुला तरी वाटायला नको होतं.

एवढं असूनही मी लिहिलं नसतं. पण गेल्या रविवारी तुझा निरोप आला. जुन्या कॉम्प्युटरांच्या संग्रहालयात आपल्या पोस्टमनसाठी काचेची पेटी होणार आहे, तर तुझ्याकडची ती चौकटींची वही पाठव. अक्षर तुझं आहे याची काळजी करू नकोस, मी सांगायचो आणि ताई उतरवून घ्यायची, असं मी त्यांना कळवलंय. मी तो निरोप तीनदा वाचला. इतकी वर्षं तू गप्प होतास, त्याला मी भित्रेपणा म्हणत आले. हे खोटं मात्र तू स्वतः लिहिलंस आणि मलाच पाठवलंस, कारण ताई बोलणार नाही याची तुला खात्री होती. बुधवारी रजा टाकून मी वही घेऊन तिथे गेले. तिथल्या बाईंनी पानन् पान बघितलं आणि म्हणाल्या, ऐकून उतरवणारा माणूस इतकी खोडाखोड करत नाही. मग हळूच विचारलं, पाटीवर दोघांची नावं लावली तर चालेल का? त्या रविवारच्या आधी कधीही, एकदा जरी तू मला हे विचारलं असतंस, तर मी स्वतः तुझं नाव आधी लिहायला सांगितलं असतं. मी नाही म्हणाले, एकच लावा, माझं. पाटी लागायला बारा दिवस आहेत आणि लेक खास रजा काढून येणार आहे, मामाचं नाव बघायला. तिला मी काही सांगितलेलं नाही. पाटीसमोर उभी राहण्याआधी तिला तू सांग, तुझ्या तोंडाने. हे मी तिच्यासाठी मागते आहे. तुझ्यासाठी मागावं असं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तरीही तुझीच,
ताई