गाडीत सहावी मी

अहो, नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुम्ही नीट जेवता ना, की चहा-बिस्किटांवरच भागवताय?

फिरायला ट्रेन, बस की भाड्याची गाडी, यावरून परदेशात येऊनही भांडणं. शेवटी मीच ओरडले, "मेल्यांनो, गाडी घ्या, सगळे एकत्र बसू!" गाडी आली पाच जणांची. आपला लेक, सूनबाई, तिचे आईवडील, आणि नातवाला कायद्याने वेगळी खुर्ची. सहावी मी.

लेक म्हणाला, "आई, तुझे गुडघे दुखतात, हॉटेलवरच आराम कर."

विहीणबाई गाडीतूनच म्हणाल्या, "बरं झालं, सामानाकडे लक्ष राहील."

दाराचं कार्डही लेकाच्या खिशात गेलं. खोलीबाहेर पडले तर परत आत यायची सोय नाही.

शेजारीण विचारेल. तिला सांगा, लेकाने आईला गाडीतून सगळं दाखवलं.

औषध चुकवू नका.

तुमचीच