आत्याचं पान

अप्पा, तुमची बहीण गेल्या वर्षी वारली. कॅनडात, वृद्धाश्रमात, कोविडने. तुम्ही तिला माझ्या जन्माआधीच टायफॉइडने मारली होती, त्यामुळे ही बातमी तुम्हाला कशी द्यावी हे मला सुचत नाही. आणि बातम्या देणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा.

शेवटच्या आजारपणात आई एकदा म्हणाली होती, "तुझी आत्या कॅनडात नर्स आहे गं. ख्रिश्चनाशी लग्न केलं म्हणून ह्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली." मला वाटलं, तापात बरळतेय. यंदा सिडनीत लॉकडाऊन लागला, वेंटवर्थव्हिलच्या फ्लॅटमध्ये काम उरकल्यावर दुपार खायला उठायची, तेव्हा कॅनडाच्या वंशावळीच्या साइटवर तिला शोधायला बसले. तिचं सासरचं आडनाव ठाऊक नव्हतं. तिचं आणि आजोबांचं नाव मात्र पाठ होतं. दर पितृपक्षात तुम्ही ते तीळपाण्याबरोबर उच्चारायचात. तिथल्या जुन्या मतदारयाद्यांत नावापुढे कामही लिहिलेलं असतं. आडनाव परकं, काम नर्सचं, आणि मधलं नाव आजोबांचं. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावातून बाप जातो, नवरा येतो. तिने बाप जाऊ दिला नव्हता. मग थडग्याचा फोटोही सापडला, त्यावरही आजोबा होतेच. माझी मुलगी खांद्यावरून वाचत होती. "सो आजोबा जस्ट कॅन्सल्ड हर?" तिने विचारलं. तिचे आजोबा म्हणजे तुम्ही. तुमच्या त्या सगळ्या सोवळ्याओवळ्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

मला ते स्वयंपाकघर आठवतं. आई घामाघूम होऊन वडे तळते आहे आणि तुम्ही सोवळं नेसून दारात उभे आहात. "खिरीत वेलदोडा घालू नकोस हं. तिला चालत नसे." आई कुटलेला वेलदोडा बाजूला सारते. आत्याचं पान घेऊन गच्चीवर जायचा मान माझा. कावळा आला की तुमचा चेहरा खुलायचा. "बघ, लगेच शिवला. तृप्त आहे ती." आई मागून म्हणायची, "असणारच. तिला काय कमी आहे?" तुम्ही वळून तिच्याकडे बघायचात आणि ती पदराने कपाळ पुसायची. हाडामांसाची बहीण तिकडे कुठल्याशा वॉर्डात पेशंटचं अंथरूण बदलत असेल, आणि इथे तुम्ही कावळ्याला तिची ख्यालीखुशाली विचारत होता.

त्या साइटवरचा वंशवृक्ष आत्याच्या मुलीने मांडलाय. मी निरोप पाठवला तसा तिने लगेच व्हिडिओ कॉल केला. इंग्रजीतच बोलते, 'मामा' हा शब्द तेवढा मराठी. "मामांच्या चौकटीत मृत्यूची जागा मी रिकामी ठेवलीय. ते आहेत का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आईने त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. चीड यायची मला!" मग तिला एक विचारायचं होतं. दिवाळीत एका संध्याकाळी आत्या ताट घेऊन बर्फात उभी राहायची, चंद्राची कोर दिसली की दिवा ओवाळायची. शेजारी हसायचे. "ते काय होतं?"

"भाऊबीज," मी म्हटलं. "भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात."

तिने तो शब्द लिहून घेतला. मग म्हणाली, "आणि मामा? ते तिच्यासाठी काय करायचे?"

वार्ताहरांच्या अर्धवट बातम्या मी जन्मभर परत पाठवत आले, अप्पा. आणि मी म्हटलं, "दर वर्षी एक दिवस तिच्या आवडीचा स्वयंपाक करायला लावायचे. खिरीत वेलदोडा घालू द्यायचे नाहीत."

ती एकदम रडायलाच लागली. "आईला त्याच्या वासानेसुद्धा मळमळायचं. त्यांच्या लक्षात होतं?"

"होतं," मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही. कावळ्याच्या टपालावर माझा विश्वास उरलेला नाही. कॉल संपल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "व्हाय डिड यू कव्हर फॉर हिम?" मी सांगितलं, त्या बिचारीला आणखी दुःख कशाला. तिला ते पटलं. पण त्या क्षणी त्या बिचारीचा विचार माझ्या मनात नव्हता. दारात सोवळं नेसून उभे असलेले तुम्ही होता.